योवचेवचे खांदे

आमच्याकडे मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलाची कारकीर्द बहुधा नववीची वार्षिक परीक्षा झाली की संपते. ती कोणी मोडत नाही, आणि मुलगाही 'सोडतो' असं तोंडाने म्हणत नाही. जूनमध्ये दहावीचा क्लास सुरू होतो, क्लासची आणि सरावाची वेळ एकच निघते, आणि मुलगा संध्याकाळी मैदानावर दिसेनासा होतो. ‘यंदा बोर्डाचं वर्ष आहे ना’ एवढं एक वाक्य सगळ्यांना पुरतं. सर काही म्हणत नाहीत, आईवडील काही म्हणत नाहीत. मुलाचं वय असतं पंधरा.

बल्गेरियाचा योर्दान योवचेव पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरला तेव्हा १९ वर्षांचा होता आणि शेवटचा उतरला तेव्हा ३९ वर्षांचा. बार्सिलोना १९९२, अटलांटा १९९६, सिडनी २०००, अथेन्स २००४, बीजिंग २००८, लंडन २०१२. सहा ऑलिंपिक खेळलेला तो पहिला पुरुष जिम्नॅस्ट. त्याच्या आधी फिनलंडचा हेक्की सावोलाइनेन १९२८ ते १९५२ या काळात पाच ऑलिंपिक खेळला होता. पण तो काळ वेगळा होता. तेव्हाच्या उड्या आणि आजच्या उड्या यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. योवचेवची पदकं या लेखात येतीलच. मला मुख्यतः लिहायचं आहे ते एकोणीस ते एकोणचाळीस या वीस वर्षांबद्दल, कारण आमच्या मुलांच्या हातून नेमकी तीच वर्षं निसटतात.

बाहेरच्या माणसाला आमची कळंबोली ठाऊक असते ती सर्कलवरच्या वाहतूक कोंडीमुळे, इथून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे आणि लोखंड बाजारामुळे. मुंबईच्या गोदी परिसरातला लोखंडाचा व्यापार शहराबाहेर काढायचा म्हणून सिडकोने हा बाजार वसवला. आज तिथे सळयांचे भारे, अँगल, चॅनेल, पत्र्याच्या कॉइल आणि ते सगळं उचलणाऱ्या क्रेन यांच्यामधून ट्रेलर वाट काढत असतात. बाजाराच्या पलीकडे वस्ती: जुनी गावठाणं, सिडकोची सेक्टरं, केएल टाईपची घरं, आणि अलीकडे रोडपालीकडे उठलेले टॉवर. २०१६ पासून हे सगळं पनवेल महानगरपालिकेत आलं. इथे माथाडी राहतात, ट्रेलरचालक राहतात, तळोजा एमआयडीसीत पाळी करणारे आणि मुंबईला लोकलने जाणारे राहतात. खांद्यावर पोट चालणं म्हणजे काय हे इथल्या लोकांना निराळं सांगावं लागत नाही. संध्याकाळच्या सरावाला येणारी मुलं यांचीच.

सराव म्हणजे काय, तेही पाहायला हवं. पुरलेला लाकडी खांब, अंग जाड, वर मान निमुळती, टोकाला बोंड. एरंडेलाचा वास लांबूनच येतो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी सलामी देते, दोन पावलं धावते आणि उलटी होऊन खांबाला अढी घालते. डोकं खाली, दोन्ही मांड्यांच्या मध्ये खांब आवळलेला. तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला घासून काळसर झालेला पट्टा दिसतो, त्यावर ओरखड्यांची जुनी खूण. ती हात सोडते. क्षणभर तिचा सगळा भार त्या घासलेल्या कातडीवर असतो. मग हात पुन्हा खांबावर, पुढची अढी, मग दसरंग. खाली पातळ गादी. खाली उतरल्यावर तिला कोणी टाळ्या देत नाही; पुढचा मुलगा धावायला लागलेला असतो. तिची पाच वर्षं अजून शिल्लक आहेत, असं माझ्या मनात येतं, आणि ते येतं याचंच वाईट वाटतं.

योवचेवचा जन्म २४ फेब्रुवारी १९७३ चा, प्लोवदिवचा. मारित्सा नदीकाठचं हे टेकड्यांचं शहर युरोपातल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक आहे. रोमन नाट्यगृह अजून उभं आहे आणि त्यात कार्यक्रम होतात. पण जिम्नॅस्टिक्सच्या दृष्टीने त्याची ओळख वेगळी. मॉस्को १९८० मध्ये हॉरिझाँटल बारवर सुवर्ण जिंकून बल्गेरियाला जिम्नॅस्टिक्समधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण देणारा स्तोयान देल्चेव याच शहरातला. त्याच स्पर्धेत त्याने वैयक्तिक सर्वंकष प्रकारातही कांस्य घेतलं होतं, आणि बार सोडून हवेत गिरकी घेऊन पुन्हा बार पकडायच्या एका कौशल्याला त्याचं नाव आहे. सोल १९८८ मध्ये फ्लोअरवर कांस्य घेणारी दियाना दुदेवाही प्लोवदिवचीच. देल्चेवने सुवर्ण जिंकलं तेव्हा योवचेव सात वर्षांचा होता. आपल्याच गावचा माणूस जगात पहिला येतो ही गोष्ट सात वर्षांच्या मुलावर काय करते, हे १९८३ च्या विश्वचषकानंतर आपल्या गल्ल्यांत जे झालं त्यावरून ओळखता येतं.

त्या देशात जिम्नॅस्टिक्सचं मूळ आणखी जुनं आहे. तुर्की अमलातून सुटलेल्या बल्गेरियाने १८९४ मध्ये स्वित्झर्लंडहून शारीरिक शिक्षणाचे तरुण शिक्षक बोलावले. त्यातला शार्ल शांपो सोफियात शिकवत होता आणि १८९६ मध्ये अथेन्सला भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये तो जिम्नॅस्टिक्समध्ये उतरला. बल्गेरिया आपली ऑलिंपिकची गणना त्याच्यापासून करतो. त्या स्पर्धेत रिंग्ज होत्या, तशीच दोरीवर चढण्याची शर्यतही होती. आपल्या दोरीच्या मल्लखांबाचा तो दूरचा नातलग म्हणायचा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. म्हणजे जगापुढे जायची वाट आपणही बरीच आधी तुडवलेली आहे. त्यांनी पुढे त्या वाटेवर रस्ता बांधला, आपण प्रात्यक्षिक दाखवून घरी आलो.

रस्ता बांधला म्हणजे नेमकं काय केलं, तर मुलाचं शिक्षण आणि मुलाचा सराव एकाच छपराखाली आणला. समाजवादी राजवटीतल्या क्रीडाशाळांत सकाळी वर्ग, दुपारी हॉल, प्रशिक्षकाला सरकारी पगार, मुलाला जेवण आणि डॉक्टर. त्या व्यवस्थेत जाच होता, सक्ती होती, मुलांच्या शरीरावर अतोनात ताण होता. तिचं गुणगान करावं असं मला वाटत नाही. पण जेमतेम ९० लाख लोकसंख्येच्या देशाने त्या काळात काय उभं केलं हे नाकारताही येत नाही. १९८३ मध्ये बोरियाना स्तोयानोवा व्हॉल्टवर जगज्जेती झाली. १९८८ मध्ये सोलला पॉमेल हॉर्सवर ल्युबोमिर गेरास्कोवने सुवर्ण घेतलं, तेही हंगेरीच्या आणि सोव्हिएत संघाच्या खेळाडूंबरोबर समान गुण मिळवून, तिघांना तीन सुवर्णं. ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये तर बल्गेरियन मुलींनी स्वतःचं युगच निर्माण केलं.

आणि मग १० नोव्हेंबर १९८९ ला त्या राजवटीचा प्रमुख तोदोर झिवकोव पायउतार झाला. योवचेव तेव्हा सोळा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावी झालेला. राजवट गेली, तिच्याबरोबर क्रीडाशाळांचा पैसाही गेला. प्रशिक्षक अमेरिकेत, पश्चिम युरोपात, जिथे काम मिळेल तिथे निघून गेले. १९९६-९७ च्या हिवाळ्यात बल्गेरियातल्या बँका बुडाल्या, महागाईने कळस गाठला, पगाराची किंमत आठवड्यागणिक घसरत होती. अशा काळात रिंग्जवर क्रॉस धरून दोन सेकंद थांबायचं कशासाठी, हा प्रश्न कोणाही तरुणाला पडला असता. अटलांटात क्रासिमिर दुनेवने हॉरिझाँटल बारवर रौप्य मिळवलं खरं, पण ती जुन्या पेरणीची रास होती.

योवचेवही अमेरिकेत गेला. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला राहून तो सराव करत राहिला, उतरत राहिला मात्र बल्गेरियाकडून. व्यवस्था मोडल्यावर खेळाडूकडे उरतात ते दोन हात आणि रोजची वेळ. त्याने ती वेळ सांभाळली. सिडनीत २७ व्या वर्षी त्याला पहिली ऑलिंपिक पदकं मिळाली: फ्लोअरवर कांस्य, रिंग्जवर कांस्य. पहिल्या ऑलिंपिकनंतर आठ वर्षांनी. त्या आठ वर्षांत त्याच्याकडे दाखवायला ऑलिंपिकचं काहीही नव्हतं, हे विसरू नये.

आता रिंग्जबद्दल थोडं विस्ताराने, कारण या माणसाची कारकीर्द तिथेच समजते.

आपल्याकडे त्याला रोमन रिंग्ज म्हणतात. उंच चौकटीला टांगलेल्या दोन दोऱ्या, टोकाला लाकडी कड्या, दोन कड्यांत अर्धा मीटर अंतर, आणि त्या जमिनीपासून सुमारे पावणेतीन मीटर उंच. बाकी सगळी साधनं स्थिर असतात. पॉमेल हॉर्स हलत नाही, पॅरलल बार लवचिक असले तरी जागेवर असतात, आपला मल्लखांब तर जमिनीत पुरलेलाच. रिंग्ज मात्र विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारख्या, जरा धक्का लागला की हेलकावणाऱ्या. आणि नियम असा की त्या हेलकावता कामा नयेत. खेळाडूने जोरदार झोका घेऊन हातांवर उभं राहायचं, पण दोऱ्या निश्चल ठेवायच्या. दोऱ्या थरथरल्या की गुण कापले जातात.

त्यात ताकदीचे भाग असतात. सर्वांना माहीत असलेला म्हणजे क्रॉस: शरीर ताठ उभं, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे, किमान दोन सेकंद. साठ किलोच्या माणसाचा हिशेब करू. प्रत्येक हातावर तीस किलो, आणि तो भार खांद्यापासून सुमारे साठ सेंटीमीटर दूर, तळहातापाशी. कोपर वाकवायची सोय नाही. खांद्याच्या सांध्यावर किती ताण येतो हे लोखंड बाजारात सळईचा भारा एका टोकाला धरून उचललेल्या माणसाला विचारावं. क्रॉसपेक्षा अवघड माल्टीज: शरीर जमिनीला समांतर, कड्यांच्याच पातळीवर, हात बाजूला पसरलेले, पालथा माणूस हवेत ठेवल्यासारखा. तिथे भार पेलायला पाठ, छाती आणि खांदा यांखेरीज कोणी नाही. पायांचा उपयोग शून्य. ते नुसते सरळ, जोडलेले, टाच ते अंगठा ताणलेले ठेवायचे.

मल्लखांबात याच्या उलट. तिथे पकड मांड्यांची, पायांच्या बोटांची, काखेची. बगली असो की फरारे, सगळं शरीर खांबाशी बोलत असतं. म्हणून मल्लखांब लहान वयात सुंदर दिसतो. हलकं, लवचिक अंग खांबावर चपखल बसतं. रिंग्जचं तसं नाही. तिथे लागणारे स्नायू चौदाव्या वर्षी मुलाकडे नसतातच. ते वयात आल्यानंतर भरत जातात, वर्षानुवर्षं. स्नायूंपेक्षाही हळू कणखर होतात ते त्यांना हाडाशी जोडणारे स्नायुबंध. घाई केली की ते फाटतात.

रिंग्जवरच्या विजेत्यांची वयं पाहा. सिडनीत सुवर्ण जिंकलेला हंगेरीचा सिल्वेस्टर चोल्लानी तिशीत होता. अटलांटाचा विजेता, इटलीचा यूरी केकी, ओळीने पाच वेळा जगज्जेता होऊन, दुखापतींतून उठून ३४ व्या वर्षी अथेन्सला परतला आणि कांस्य घेऊन गेला. ग्रीसचा एलेफ्थेरिओस पेत्रुनियास रिओ २०१६ मध्ये सुवर्ण जिंकून पॅरिस २०२४ मध्ये ३३ व्या वर्षी पुन्हा पदकाच्या चौथऱ्यावर होता. हा पंचविशी-तिशीतल्या माणसांचा खेळ आहे. पंधराव्या वर्षी जो मुलगा हॉल सोडतो त्याला आपल्या अंगात काय होतं हे कधी कळलेलंच नसतं. माझी तक्रार इथे आहे. आपण मुलांना खेळ शिकवतो आणि खेळ सुरू होण्याआधी घरी बोलावतो.

योवचेवचं सुरू झालं ते २००१ मध्ये, २८ व्या वर्षी. बेल्जियममधल्या गेंट इथे जागतिक स्पर्धेत रिंग्जवर सुवर्ण, आणि फ्लोअरवर रुमानियाच्या मारियान द्रागुलेस्कूबरोबर समान गुणांचं सुवर्ण. फ्लोअर आणि रिंग्ज ही जोडी तशी दुर्मीळ. फ्लोअरला उसळते पाय लागतात, रिंग्जला जड खांदे, आणि जड खांदे उडीत आड येतात. एकाच शरीरात दोन्ही राखणं म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोचा रोज हिशेब ठेवणं. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला त्याने तेच केलं: फ्लोअरवर अमेरिकेच्या पॉल हॅमबरोबर विभागून सुवर्ण, आणि रिंग्जवर ग्रीसच्या दिमोस्थेनिस ताम्पाकोसबरोबर विभागून सुवर्ण. चारपैकी तीन जगज्जेतेपदं कोणाशी तरी वाटून घेतलेली. जगातल्या सर्वोत्तम दोघांत पंचांना फरक करता आला नाही, असं तीन वेळा झालं.

चौथ्या वेळी त्यांनी फरक केला. तारीख २२ ऑगस्ट २००४, गाव अथेन्स, आणि दोन्ही अंतिम फेऱ्या एकाच संध्याकाळी.

आधी फ्लोअर. कॅनडाच्या काइल श्यूफेल्टला ९.७८७, द्रागुलेस्कूलाही ९.७८७, बरोबरी मोडण्याच्या नियमाने सुवर्ण श्यूफेल्टला. योवचेवला ९.७७५. कांस्य. मग रिंग्ज. प्रेक्षागारात ग्रीक झेंडे, ताम्पाकोसचं नाव पुकारलं की छप्पर हादरत होतं. एक वर्षापूर्वी जो बरोबरीत होता तोच समोर. ताम्पाकोसला ९.८६२. योवचेवला ९.८५०. रौप्य.

हे आकडे नीट पाहिले की अंगावर येतात. फ्लोअरवर सुवर्णापासून तो ०.०१२ ने मागे, रिंग्जवरही ०.०१२ ने. त्या काळी सहा पंच गुण देत, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान गुण बाजूला काढून मधल्या चारांची सरासरी घेतली जाई. चार जणांच्या सरासरीत एकाच पंचाने ०.०५ अधिक दिले की सरासरी पुढे सरकते ती ०.०१२५ ने. आकडा तोच. म्हणजे त्या संध्याकाळी दोन्ही साधनांवर, सुवर्ण आणि योवचेव यांच्यामध्ये एका पंचाच्या पेन्सिलीएवढंच अंतर होतं. ०.०५ ही त्या पद्धतीतली सर्वांत लहान पायरी. गुणांत त्याहून कमी फरकाने मागे पडण्याची सोयच नव्हती. बल्गेरियात रिंग्जच्या निकालावर मोठा संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा आहे. मी ती फेरी पुन्हा पाहतो तेव्हा मला योवचेवच्या दोऱ्या अधिक शांत वाटतात. पण माझं मत हे एका प्रेक्षकाचं मत आहे, आणि ताम्पाकोसचं कसबही थोर होतं, हे मान्य करावंच लागेल.

अथेन्समधलं पंचांचं काम केवळ याच फेरीत वादात सापडलं नाही. पुरुषांच्या सर्वंकष स्पर्धेत कोरियाच्या यांग ते-यंगच्या एका प्रकाराची काठिण्यपातळी चुकीची मोजली गेली. हॉरिझाँटल बारच्या फेरीत रशियाच्या अलेक्सेई नेमोवला कमी गुण मिळाले म्हणून प्रेक्षकांनी इतका वेळ आरडाओरडा केला की पंचांनी गुण वाढवले, आणि शेवटी नेमोवने स्वतः पुढे येऊन लोकांना शांत केलं. या सगळ्याचा शेवट २००६ मध्ये दहापैकी दहाची जुनी पद्धत मोडीत निघण्यात झाला. आता अवघडपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे, वर मर्यादा नाही.

खेळाचं व्याकरणच बदललं तेव्हा योवचेव ३३ वर्षांचा होता. चार ऑलिंपिक पदकं, चार जगज्जेतेपदं गाठीशी. कोणीही म्हटलं असतं, आता पुरे. त्याने नव्या नियमांप्रमाणे आपली रचना नव्याने बांधली. २००९ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत, ३६ व्या वर्षी, रिंग्जवर पुन्हा रौप्य. समोरची मुलं त्याने पहिलं ऑलिंपिक खेळलं तेव्हा रांगत होती.

लंडन २०१२ च्या उद्घाटनाला बल्गेरियाचा झेंडा त्याच्याच हातात होता. ६ ऑगस्टला रिंग्जची अंतिम फेरी झाली, भारतात संध्याकाळ होती. आठ जणांत तो सातवा आला. ब्राझीलच्या आर्थर झानेतीने सुवर्ण जिंकलं, बीजिंगचा विजेता चेन यीबिंग दुसरा. सातवा क्रमांक म्हणजे पदकाच्या यादीत काहीच नाही. पण ३९ व्या वर्षी जगातल्या पहिल्या आठांत येऊन माल्टीज धरणं हे जिम्नॅस्टिक्स जाणणाऱ्या माणसाला सुवर्णाइतकंच मोठं वाटेल. मला तसं वाटतं.

त्याच लंडनमध्ये मूळची उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिनाही जर्मनीकडून खेळली. तीही बार्सिलोनापासून खेळत होती, तिचंही ते सहावं ऑलिंपिक, आणि ती पुढेही थांबली नाही. रिओला तिने सातवं गाठलं, वय ४१. तिथे ती खेळली त्या व्हॉल्टच्या अंतिम फेरीत त्रिपुराची दीपा कर्माकर चौथी आली: १५.०६६ गुण, कांस्यापासून ०.१५० दूर. १९६४ नंतर ऑलिंपिकला पोचलेली ती पहिली भारतीय जिम्नॅस्ट. सुरुवातीला तिचा सराव स्कूटरच्या जुन्या भागांपासून बनवलेल्या साधनावर झाला, हे आता सर्वांना माहीत आहे. कमी लक्षात राहिलेली गोष्ट ही की दीपाने ताश्कंदला आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण मिळवलं ते मे २०२४ मध्ये, तिशीत. मधे गुडघ्याची दुखापत, शस्त्रक्रिया आणि उत्तेजक चाचणीतली बंदी हे सगळं भोगून. त्या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. त्यानंतर काही महिन्यांनी तिने निवृत्ती घेतली. आगरतळ्याच्या मुलीला तिशीपर्यंत खेळत ठेवणारे बिश्वेश्वर नंदींसारखे प्रशिक्षक लाभले. साधनं नव्हती, पण ‘आता पुरे’ म्हणणारं कोणी नव्हतं.

महाराष्ट्रात साधनांची एवढी वानवा नाही. बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, ठाणे-मुंबई-पुण्यात जिम्नॅस्टिक्सचे उत्तम वर्ग आहेत. आणि खाली पाया म्हणून मल्लखांब आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी घडवलेला. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी आयुष्य घालून तो जगभर नेला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा त्याच शिवाजी पार्कवर झाली. मल्लखांबपटू हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला. परदेशातून मोठी माणसं, तिशी-चाळिशीची, मल्लखांब शिकायला दादरला येतात आणि महिना-महिना राहतात. ती दृश्यं पाहिली की वाटतं, आमच्या सोळा वर्षांच्या मुलाला ‘आता तुझं वय झालं’ असं कोणी आणि का सांगितलं?

सांगणारा एक जण नाही. शासनाने खेळाडूंसाठी दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत ठेवली, नोकरीत पाच टक्के आरक्षण ठेवलं. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि दोन्हींचा सामान्य घरांना आधार आहे. पण त्यामुळे खेळाचा शेवट कागदावर ठरून गेला. शालेय राज्यस्तरीय स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं, गुण पडले, काम झालं. हॉलमध्ये मोठ्या मुलांसाठी वेळच नसतो, कारण सगळे तास लहानग्यांच्या बॅचेसनी भरलेले. वर्गाचा खर्च त्यांच्याच फीवर निघतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला उडी शिकायला जाड मॅट आणि फोमचा खड्डा लागतो, खांदा दुखला तर फिजिओ लागतो, आणि या गोष्टी दहा वर्षांच्या बॅचला लागत नाहीत म्हणून घेतल्या जात नाहीत. पालकांना दोष देऊन उपयोग नाही. माथाडी बापाने मुलाच्या दहावीची काळजी करावी यात चूक काय?

बल्गेरियानेही सगळं सावरलं आहे असं नाही. निवृत्तीनंतर योवचेव तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या कामात गुंतला. पुरुषांत त्याच्या तोडीचा दुसरा अजून उभा राहिलेला नाही. देश सोडून गेलेल्या कुटुंबांतली, परदेशात वाढलेली मुलं आता बल्गेरियाच्या पोशाखात उतरतात. नव्वदच्या दशकात जे गेलं त्यातलं थोडं अशा वाटेने परत येतं आहे. स्त्रियांत वालेन्तिना गेओर्गिएवा पॅरिस २०२४ मध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत खेळली. छोट्या देशाला एवढंही पुष्कळ आहे.

आमच्या भागासाठी मी एकच मागणी मांडतो, आणि ती फार महाग नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मुलं मोकळी असतात. आपल्याकडच्या वर्गांनी या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी एक तास फक्त पंधरा वर्षांवरच्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा, आणि गेल्या जूनमध्ये जी मुलं यायची थांबली त्यांच्या घरी सरांनी स्वतः जाऊन बोलावणं करावं. महापालिकेच्या एखाद्या राखीव मैदानावर रिंग्जची एक चौकट आणि खाली पुरेशी जाड गादी बसवून मिळाली तर हा तास तिथे घेता येईल. चौकट लोखंडाचीच लागते, आणि लोखंड तर इथे कळंबोलीतच मिळतं.